पोरींच्या बाजूचं शेवाळ

शेवाळ पोरींच्याच बाजूला येतं, म्हणून चूक पोरींची. हा शोध आमच्या विहाराच्या कमिटीनं लावला. मी तेव्हा गप्प बसले नाही, आताही बसणार नाही. वाचून कोणाला मिरच्या लागल्या तर त्यानं पाणी प्यावं.

टँक माझा. चार फुटांचा, काचेचा, आत मासे थोडे आणि झाडं जास्त. नवीन भाड्याच्या घरी नेला तर घरमालकानं दारातच हात जोडले. "पाण्यासकट माहा स्लॅब खाली आनशीन बाई." तेव्हा धम्मानंदकाका, म्हणजे आमच्या विहाराचे अध्यक्ष, आपणहून म्हणाले होते, "आन ना वं नंदिनी, आपल्या अभ्यासिकेत ठेव. पोरं परीक्षेच्या टेन्शनमंदी राह्यते, मच्छ्या पाह्यल्या का डोकं थंडं होते."

हे त्यांचेच शब्द. पुढे ते स्वतःच विसरले, म्हणून लिहून ठेवते.

सक्करदऱ्याच्या तलावामागे आमची वस्ती, आणि वस्तीचा विहार म्हणजे एकच लांबलचक हॉल. समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, सकाळ-संध्याकाळ वंदना आणि बाकी सगळा वेळ अभ्यासिका. पोरांची टेबलं अर्ध्या भिंतीला लागून. टँक मध्ये. टँकच्या पलीकडे, मागच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या दाराजवळ पोरींचं टेबल. एकच. त्या टेबलावर चारुशीला तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या घरी एकाच खोलीत आजारी आजोबा, दोन भाऊ, आईबाप आणि दिवसभर चालणारा टीव्ही. तिच्याबरोबरच्या पोरींचीही तीच गत. बाथरूमजवळचं का होईना, ते टेबल गेलं तर त्यांना वस्तीत पुस्तक उघडायला दुसरी जागा नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. कमिटीलाही.

दिवाळीपर्यंत टँक असा होता, की लग्नाला आलेले पाहुणेसुद्धा त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. पट्टीसारखी लांब हिरवी पानं एका अंगानं वाकलेली, त्यातून लाल-निळ्या टेट्रा माशांचा थवा वळतोय. मग थंडी पडली आणि मागच्या कोपऱ्यात, पोरींच्या बाजूला, वाळूवर निळसर हिरवी साय धरली. बुळबुळीत, कुजका वास येणारी. मी रविवारी नळीनं ओढून काढायची, अर्धं पाणी बदलायची. मंगळवार-बुधवारपर्यंत परत तशीच. मग ती पानांवर चढली. पोरांच्या बाजूचं टोक मात्र आरशासारखं स्वच्छ.

मी काय काय नाही केलं! दिव्याची वेळ कमी केली. खत बंद केलं, मग परत सुरू केलं. मासे कमी केले. मी उमरेडला एका पतसंस्थेत कामाला आहे, सकाळच्या एसटीनं जाते आणि अंधार पडल्यावर परत येते, त्यामुळे टँकला हात लागायचा तो फक्त रविवारी, वंदना झाल्यावर. एका रविवारी वैतागून मी चारुशीलाला विचारलं, "तुम्ही काही टाकता का गं आत?"

तिनं पुस्तकातून मान वर केली. "तुले बी तसंच वाट्टे का, ताई? बिस्किटं आमालेच पुरत नाही, मच्छ्याइले कुठून टाकू?"

बाकीच्या पोरी हसल्या. मीही हसले. पण अंकुश हसला नाही. तो स्टेजवर वायरी गुंडाळत होता, आणि त्यानं ऐकलं होतं.

अंकुश म्हणजे कमिटीचा सचिव. त्याला नगरसेवक व्हायचंय, हे त्याच्या चपलेलाही ठाऊक आहे. ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी त्यानं नवीन माइक आणि आवाजाचं मशीन आणलं. तेव्हापासून विहारात वाढदिवस असो की मयताचं पुण्यानुमोदन, अंकुश बोलतो. हॉलमध्ये वीस माणसं असली तरी माइकवरच बोलतो. स्टेजच्या मागे विजेचा बोर्ड आहे, तिथे आता त्याचा संसार, आणि त्याच्याशिवाय कोणी तिथे हात लावायचा नाही असा नियम. नियम करणारा तोच.

जानेवारीत त्यानं फळ्यावर नोटीस लिहिली. येत्या रविवारी सभा. विषय, विहाराची स्वच्छता. मी त्याला दारातच गाठलं.

"हे काय आहे, अंकुशभाऊ?"

"टँक काढून राहिलो आपण. वास येते, लोक नाक दाबते."

"ठीक आहे, माझा टँक आहे, मी नेते. पण खाली लिहिलंय, मागचं टेबल हटवणे. ते कशाला?"

"पोरी खाते, सांडवते, मच्छ्याइले टाकते. तूच विचारलं ना थ्या दिवशी? पोराइच्या बाजूनं पाह्य कसं चकाचक आहे. शिस्त आहे तिकडं. पोरीइनं घरी अभ्यास करावा, घरच्यांच्या नजरेपुढं."

"आणि त्या जागेवर?"

"सोफा येनार आहे. पाहुन्याइसाठी. मोठमोठे लोक येते आता आपल्या इथं, त्याइले काय प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवाचं?"

मी धम्मानंदकाकांकडे गेले. ते अंगणात उन्हाला बसून पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अंकुश कामाचा पोरगा आहे वं. आपल्याले त्याले दुखवून नाही चालत." पोरींना दुखवून चालतं. पोरी काय, रोजच दुखतात, सवयीच्या आहेत.

त्या आठवड्यात मी झोपले असेन तर शपथ. रागानं माझं डोकं ठणकत होतं, आणि जास्त राग याचा होता की माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवाळ खरंच पोरींच्या बाजूला येत होतं. डोळ्यांनी दिसत होतं. का येतं, ते मला सांगता येत नव्हतं.

बुधवारी उमरेडच्या रस्त्यावर कोळशाचा ट्रक उलटला. एसटी अर्ध्यातून परत फिरली. मी घरी न जाता सरळ विहारात शिरले. रविवार सोडून भर सकाळी मी कित्येक महिन्यांत तिथे आले नव्हते. वंदना होऊन गेलेली. मूर्तीसमोर मेणबत्ती जळत होती, ज्योत अगदी सरळ. चारुशीला एकटीच, शाल पांघरून, गणितं करत होती. मी टँकसमोर उभी राहिले आणि मला काहीतरी खटकलं.

पोरांच्या टोकाला फिल्टरची धार पडत होती, तिथली पानं डोलत होती. मध्यापर्यंत डोलत होती. आणि पोरींच्या टोकाची पानं दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारखी सरळ खाली लोंबत होती. एकही पान हलत नव्हतं.

मी माशांच्या खाण्याची चिमूट घेतली आणि धारेजवळ टाकली. कण भिंगरीसारखे पळाले. दुसरी चिमूट मागच्या कोपऱ्यात टाकली. कण होते तिथेच राहिले. मग हळूहळू, सरळ रेषेत, खाली जाऊन त्या हिरव्या सायीवर बसले.

"चारुशीला," मी म्हटलं, "हे पाणी रोज असंच असतं?"

"असंच म्हंजे?"

"थांबलेलं."

"हाव ना. रविवारी तू असते तवा हलते. बाकी दिवस असंच. मले वाटलं, तू कायतरी रविवारचं स्पेशल करते."

मी काचेला नाक लावून मागच्या कोपऱ्यात पाहिलं.

यात पंडितालाच कळेल असं काही नाही, कोणालाही कळेल. जमिनीवरच्या झाडाकडे वारा चालून येतो. पाण्यातल्या झाडाकडे काहीच चालून येत नाही. पाणी फिरलं तर त्याच्या पानाला खत मिळतं, वायू मिळतो. पाणी थांबलं की पानाभोवती तेच ते शिळं पाणी उरतं, त्यातलं होतं नव्हतं संपलं की झाड भर उजेडात उपाशी मरतं. कचरा वाहून जायच्या ऐवजी तिथेच बसतो. आणि शेवाळाला काय, उजेड पाहिजे आणि घाण पाहिजे. दोन्ही फुकटात. फिल्टरच्या धारेचा जोर चार फूट पुरत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी मागच्या टोकाला, लाकडाच्या आड, मुठीएवढा एक पंप लावला होता. दुकानात त्याला वेव्हमेकर म्हणतात. पाणी ढवळणं एवढंच त्याचं काम. आवाज नाही, समोरून दिसत नाही. चालू असला काय, बंद असला काय, न पाहणाऱ्याला सारखंच.

तो बंद होता.

मी त्याची वायर धरली आणि तिच्या मागे मागे गेले. भिंतीच्या कडेनं, स्टेजच्या बाजूनं, थेट त्या बोर्डापर्यंत. मी जिथे पिन लावली होती तिथे अंकुशच्या मशीनची जाडजूड पिन बसलेली. माझी पिन खाली, पंख्यांच्या लाइनवर. आमच्या हॉलच्या सगळ्या पंख्यांना मिळून एकच मोठं बटण आहे. ते दाबलं तर पंखे चालू आणि माझा पंप चालू. बंद केलं तर दोन्ही बंद.

मागे झाडूचा आवाज झाला. बायजाबाई. विहार झाडते, दिवा-मेणबत्ती लावते. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेली होती, हे ती दिवसातून एकदा तरी सांगते.

"बायजाआजी, ही पिन कोणी बदलली?"

"अंकुशनं. मशीन आनली ना त्यानं, तवा. मी म्हनलं, बाबू, थे पोरीची आहे. त्यानं म्हनलं, मच्छ्याइले काय फरक पडते."

"आणि पंखे?"

"थे मी बंद करतो. ज्योत फडफडते ना वं पंख्यानं, वंदनेच्या आगोदर बंद कराच लागते. गरमीत लोक लगेच म्हनते, आजी, पंखा लाव. आता थंडीत कोन म्हनते?"

एवढंच होतं. मेणबत्ती विझू नये म्हणून पंखे बंद. थंडी म्हणून दिवसभर बंद. आणि रविवारी मी पाणी बदललं की फरशी ओली होते, ती वाळवायला बायजाबाई पंखे लावायची, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर पाणी नेहमी फिरताना दिसायचं. सहा दिवस मुडदा, सातव्या दिवशी माझ्यासाठी जिवंत. आजीचा दोष नाही, ज्योतीचा नाही, पोरींचा तर नाहीच. पिन हलवणारा एक जण, आणि त्याला ते माहीत होतं.

मी ती पिन तिथेच राहू दिली. म्हटलं, रविवारी सगळ्यांसमोर.

रविवारी हॉल भरला. बाया खाली सतरंजीवर, कमिटी खुर्च्यांवर. आमच्याकडे हे नेहमीचंच. गर्दी बायांची, खुर्च्या बाप्यांच्या. वंदना झाली, पंखे बंद होतेच. अंकुशनं माइक हातात घेतला आणि आधी अर्धा तास 'धम्म आणि स्त्री' या विषयावर बोलला. स्त्री शिकली की घर शिकतं, म्हणाला. घर शिकलं की समाज शिकतो, म्हणाला. टाळ्या घेतल्या. आणि त्याच श्वासात म्हणाला, "आता मागचं टेबल हटवण्याचा ठराव."

पोरी त्या टेबलाशीच बसल्या होत्या. चारुशीलानं पुस्तक मिटलं नव्हतं, पण पानही उलटत नव्हती.

मी उठले. "ठरावाच्या आधी एक मिनिट इकडे या. सगळे या. काकाजी, तुम्ही पण."

"नंदिनीताई, भाषण नंतर," अंकुश माइकवरून म्हणाला.

"भाषण तुमचं झालं. मी चिमूटभर खाणं टाकून राहिले." मी पोरांच्या टोकाला टाकलं. कण पळाले. मागे टाकलं. थांबले. "दिसलं? इथलं पाणी मेलेलं आहे. मेलेल्या पाण्यात झाड उपाशी मरतं आणि शेवाळ माजतं. बायजाआजी, पंखे लाव गं."

बायजाबाईनं बटण दाबलं. पंखे गरगरले, बायांनी "थंडी वाजते ना वं" म्हणत पदर ओढले, मूर्तीसमोरची ज्योत आडवी झाली. आणि टँकच्या मागच्या कोपऱ्यात लाकडाआडून पाण्याचा लोट आला. लोंबणारी पानं एका झटक्यात वाकली. हिरव्या सायीचा एक तुकडा सुटून वर उडाला.

"अगा बापा," पुढच्या रांगेतली कोणीतरी म्हणाली.

"माझी पिन अंकुशभाऊंनी काढून पंख्याच्या लाइनवर लावली. मशीनसाठी. थंडीत पंखे बंद, म्हणून इथलं पाणी बंद. बिस्किटं नाही, पोरी नाही. हा माइक."

सगळे अंकुशकडे बघायला लागले. मला वाटलं होतं, तो ओशाळेल. मी भोळी. तो हसला.

"असंन. पिन लागली असंन इकडची तिकडं. पन प्रश्न पिनेचा नाही आहे. प्रश्न शिस्तीचा आहे. टँक राहू द्या, माही ना नाही. टेबलाचा ठराव घेऊ. काकाजी?"

आणि धम्मानंदकाका, मच्छ्या पाहून डोकं थंड होतं म्हणणारे काका, सतरंजीकडे बघत म्हणाले, "कमिटीनं हात वर करा."

तेव्हा मला कळलं. कारण खोटं ठरलं तरी शिक्षा तशीच राहणार होती. शिक्षा आधी ठरली होती, कारण मागून शोधलं होतं. यांना शेवाळाशी काही देणंघेणं नव्हतं, सोफ्याशी होतं.

खुर्च्यांवरचे हात वर झाले. मधेच सतरंजीवरून एक सुरकुतलेला हात वर झाला. "माहा हात ठरावाच्या विरुद्ध आहे."

"आजी, तुमचा हात धरत नसते," अंकुश माइकवर म्हणाला. "तुम्ही कमिटीत नाही."

"मी छप्पनची आहे, लेका. तू कवाचा?"

बाया हसल्या. अंकुशचा चेहरा तांबडा झाला. "कृपया शांत राहा. कृपया महिलांनी शांत—"

तो 'महिलांनी' म्हणेपर्यंत मी स्टेजच्या मागे पोचले होते. त्याच्या मशीनची जाड पिन धरली आणि उपटली. माइक घूं करून मेला. माझ्या पंपाची पिन मी तिच्या जुन्या जागी खोचली.

अंकुश बोलतच होता. ओठ हलत होते, हात हलत होता, आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही जात नव्हता. इतके महिने माइकवर बोलून माणसाचा गळाच बसला होता.

"ऐकू नाही येऊन राहिलं, बाबू!" मागून एक बाई ओरडली.

"जोरात बोल ना गा!"

"जेवला नाही का आज?"

त्यानं दोन पोरांना खूण केली, टेबल उचला म्हणून. पोरं उठली, दोन पावलं गेली आणि थबकली. कारण बायजाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली होती, आणि टेबलाला टेकून उभी होती. तिच्या मागे चारुशीलाची आई उठली, जी विहारात कधी तोंड उघडत नाही. मग रांगच्या रांग. कोणी घोषणा नाही दिली. फक्त उठल्या आणि टेबलाच्या चारी बाजूंनी उभ्या राहिल्या. पोरांच्या स्वतःच्याच आया होत्या त्यात, कोण हात लावणार?

"उचलाचंच आहे ना टेबल?" बायजाबाई म्हणाली. "उचला मंग. ए चारुशीला, धर वं तिकडून."

त्यांनीच उचललं. मला आधी कळलंच नाही कुठे चालल्या. टेबल हॉलभर फिरलं, खुर्च्यांना वाट सोडावी लागली, एका कमिटी मेंबरच्या पायावरून गेलं, तो कळवळला आणि कोणी सॉरी म्हटलं नाही. स्टेजच्या बाजूला, त्या विजेच्या बोर्डाला अगदी चिकटून त्यांनी ते ठेवलं. पुस्तकं ठेवली. चारुशीला खुर्ची ओढून बसली, तिच्या डोक्यामागे माझ्या पंपाची पिन.

धम्मानंदकाकांनी घसा खाकरला. "आता... जेवनाची वेळ झाली," म्हणाले. सभा तिथेच संपली. काकांकडून मला तेवढीच अपेक्षा होती.

सोफा आला. मागच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या दाराजवळ ठेवलाय. मोठमोठे लोक तिथे बसतात. अंकुशनं लांब वायर आणून मशीन दुसऱ्या बोर्डावर जोडलं, बोलणं काही कमी झालेलं नाही. मला त्यानं वस्तीत 'भांडखोर' म्हणून नाव दिलंय. द्यावं. ज्योत लावताना पंखे अजूनही बंद होतात, आणि व्हायलाच पाहिजेत.

शेवाळ एका दिवसात जात नाही. मी दर रविवारी ओढून काढते, दर वेळी थोडं कमी निघतं. जी पानं उपाशी मेली ती कापून टाकावी लागली, त्यांच्या बुडाशी नवे कोंब आलेत. त्या मेलेल्या पानांची माफी अजून कोणी मागितलेली नाही, पोरींचीही नाही.

पण ती पिन आता कोणी काढू शकत नाही. काढायची तर चारुशीलाला ऊठ म्हणावं लागेल, आणि परवा अंकुशनं तसं म्हणून पाहिलं. ती गणित सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "परीक्षा झाल्यावर या, अंकुशभाऊ."